‘आई, हा कुठे चाललाय?’

वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याची सुट्टी संपली की या सदराकडे प्राण्यांविषयीची पत्रे येऊ लागतात, हा दरवर्षीचा अनुभव आहे. यंदा त्यांपैकी चार पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे, म्हणजे बंदिवासातील प्राण्यांकडे, असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्रच देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. त्याला इलाज नव्हता. पत्रलेखकांची आणि त्यांनी भेट दिलेल्या प्राणिसंग्रहालयांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : सुट्टीत आम्ही सात वर्षांच्या मुलीला प्राणिसंग्रहालय दाखवायला नेले होते. सकाळपासून ती हरखून गेली होती. पाणघोड्याने जबडा उघडला तेव्हा तर तिने टाळ्याच वाजवल्या. नंतर आम्ही बिबट्याच्या पिंजऱ्यापाशी आलो. तो जाळीला लागून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होता, वळत होता आणि पुन्हा येत होता. थोडा वेळ पाहून मुलीने विचारले, ‘आई, हा कुठे चाललाय?’ मी म्हटले, ‘फिरतोय.’ तिचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. घरी येताना मला अपराधी वाटत राहिले; पण तिचा पाणघोड्यासमोरचा चेहरा आठवला की नेले ते बरेच केले, असेही वाटते. आता मैत्रिणींबरोबर पुन्हा जायचा तिचा हट्ट आहे. जावे की जाऊ नये? – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी नेमका आहे आणि ‘फिरतोय’ हे उत्तर नेमके नाही, हे तुम्हाला तिथल्या तिथे जाणवले. म्हणून जावे की जाऊ नये याकडे वळण्याआधी त्या बिबट्याविषयी लिहिते.

मी प्राणिशास्त्र शिकवत असताना दरवर्षी विद्यार्थ्यांना प्राणिसंग्रहालयात नेत असे आणि प्रत्येकाला एकच प्राणी नेमून देऊन तासभर त्याच्यासमोर बसवत असे. एका वर्षी एका मुलीच्या वाट्याला बिबट्या आला. प्रत्येक फेरीला एक रेघ, पाचवी रेघ आडवी, अशा रेघोट्यांनी तिच्या वहीचे पान वरपासून खालपर्यंत भरले होते. शेवटी तिने दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या मला आजही आठवतात. बिबट्या प्रत्येक वेळी त्याच जागी वळतो आणि वळताना तोच पुढचा पाय त्याच ठिकाणी टेकवतो. तिथली माती निघून खाली बशीसारखा खळगा पडला आहे. आम्ही सर्वांनी जाऊन तो खळगा पाहिला. पावसाचे थोडे पाणी त्यात साचले होते आणि बिबट्याचा पाय दर वेळी त्या पाण्यात पडत होता.

एकच हालचाल, ठरलेल्या मार्गाने, वरवर पाहता कोणत्याही हेतूवाचून पुनःपुन्हा करत राहणे, हे बंदिवासातील प्राण्यांचे सुपरिचित लक्षण आहे. अस्वले मान डोलवतात, हत्ती जागच्या जागी झुलतात आणि मार्जारकुळातील प्राणी येरझाऱ्या घालतात. हत्ती झुलू लागला की ‘बघ, नाचतोय’ असे सांगणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण तसे नाही हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. ऑक्सफर्डमधील दोन संशोधकांनी 2003 मध्ये मांसभक्षक प्राण्यांच्या अनेक जातींची तुलना केली. ज्या जाती रानात मोठ्या टापूत हिंडतात, त्यांच्यात बंदिवासात येरझाऱ्यांचे प्रमाण अधिक असते आणि त्यांची पिल्लेही अधिक दगावतात, असे त्यांना आढळले. शिकारीची संधी कमी मिळते म्हणून प्राणी बिथरतो, ही पूर्वीची समजूत या तुलनेत टिकली नाही. हिंडण्याशी असलेला संबंध मात्र टिकला. ध्रुवीय अस्वलाला प्राणिसंग्रहालयात मिळणारी जागा ही त्याच्या नैसर्गिक वावरक्षेत्राच्या सुमारे दहा लाखाव्या हिश्शाइतकी असते, हेही त्यांनीच दाखवले.

हे हिंडणे म्हणजे काय, याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ 2019 च्या जूनमध्ये स्वतःसाठी जागा शोधायला बाहेर पडला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे त्याचा माग ठेवता आला. विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणातील शेते, ओढे व महामार्ग ओलांडत तो डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला; पुढच्या मार्चपर्यंत त्याची एकूण चाल सुमारे 3,000 किलोमीटर भरली. लोकांनी त्याचे नाव ‘वॉकर’ ठेवले. तो कुठे चालला आहे, या प्रश्नाला त्याच्या बाबतीत उत्तर होते. तुमच्या मुलीने पाहिलेल्या बिबट्याच्या पायांतही चाल आहे, पण पोहोचण्याचे ठिकाण नाही. मुलीला हेच एवढ्याच साध्या शब्दांत सांगायला हरकत नाही. सात वर्षांच्या मुलांना हे पेलते. आपणच उगाच सारवासारव करतो.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगायला हवी. येरझाऱ्या दिसल्या म्हणजे तो प्राणी आज, या पिंजऱ्यात दुःखी आहे, असा सरळ निष्कर्ष काढता येत नाही. पूर्वी एखाद्या अरुंद पिंजऱ्यात, सर्कशीत किंवा कोणाच्या अंगणात साखळीला बांधून ठेवलेल्या प्राण्याला ही सवय जडली, की तो पुढे चांगल्या जागेत आला तरी ती पुष्कळदा सुटत नाही. जखम भरून आली तरी व्रण राहावा, तसे ते असते. शिवाय खाण्याची वेळ जवळ आली की येरझाऱ्या वाढतात, आणि आपण नेमके तेव्हाच गर्दी करतो. म्हणून त्या बिबट्याच्या बाबतीत खरा प्रश्न असा आहे की तो येथे आला कोठून आणि कशासाठी.

माझे सगळे म्हणणे या एका प्रश्नाशी येऊन थांबते. ‘प्राणिसंग्रहालय चांगले की वाईट’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण एकाच फाटकाच्या आत अगदी वेगवेगळ्या कारणांनी आलेले प्राणी शेजारीशेजारी राहत असतात. विहिरीत पडून पाय मोडलेला बिबट्या, परवान्याशिवाय पाळलेले आणि वन विभागाने जप्त केलेले कासव, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जन्मलेले चितळ आणि केवळ गर्दी खेचावी म्हणून दूरदेशाहून आणलेला पक्षी, या चौघांना एकच न्याय लावणे अन्यायाचे होईल. पहिल्या दोघांसाठी ते रुग्णालय आहे, तिसऱ्यासाठी गाव आहे, आणि चौथ्यासाठी काय आहे, याचे उत्तर पिंजरा बांधणाऱ्यांनी द्यायचे आहे.

दूरदेशीच्या पक्ष्याचा उल्लेख केला, कारण तुम्ही ठाण्याच्या आहात आणि आज ना उद्या मुलगी राणीच्या बागेतील पेंग्विन पाहायला चल म्हणेलच. 2016 मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन तेथे आणले गेले. त्यांपैकी एक त्याच वर्षी मरण पावला, आणि पुढे उरलेल्यांना पिल्लेही झाली. ही जात अंटार्क्टिकाच्या बर्फातील नसून पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरील आहे, हे तेथे गर्दी करणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. पक्ष्यांची व्यवस्था नीट ठेवली जाते, हे मान्य आहे. तरीही भायखळ्याच्या दमट उकाड्यात चोवीस तास यंत्राने गारवा राखून पेरूचा पक्षी ठेवण्याचे प्रयोजन मला आजवर पटलेले नाही. आपल्याकडच्या लोकांनी आपल्याकडचे साळिंदर, खवल्या मांजर, उदमांजर तरी कुठे धड पाहिलेले असते?

थोडे मागे गेले की आपल्या मनातील ही दुफळी नवी नाही, हे दिसते. राणीची बाग 1860 च्या दशकातील आहे आणि बडोद्याची सयाजीबाग 1879 मधील. संस्थानिकांच्या आणि साहेबांच्या त्या काळात दुर्मीळ जनावर बाळगणे हे वैभवाचे लक्षण होते आणि पिंजरा हा दागिन्याच्या पेटीसारखा असे. गज काढून टाकून प्राणी आणि प्रेक्षक यांच्यामध्ये खंदक ठेवण्याची कल्पना जर्मनीतील कार्ल हागेनबेक याने हॅम्बुर्गजवळ 1907 मध्ये प्रत्यक्षात आणली आणि ती जगभर पसरली. लोकांना वाटले, प्राणी मोकळे झाले. खंदकाने मोकळे झाले ते मुख्यतः प्रेक्षकांचे मन. (हाच हागेनबेक दूरदेशीची माणसेही तिकीट लावून दाखवत असे, ही गोष्ट त्याच्या कौतुकाच्या लेखांत सहसा नसते.) भारतात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, पण प्राणिसंग्रहालयांवर देखरेख करणारे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण 1992 मध्ये आले आणि त्याच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येईनासे झाले. याच प्राधिकरणाने 2009 मध्ये प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत, अशी भूमिका घेतली. त्याच्या आदल्याच वर्षी युरोपातील प्राणिसंग्रहालयांमधील हत्तिणींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तेथील आफ्रिकी हत्तिणींचे सरासरी आयुष्य सुमारे 17 वर्षे निघाले. केनियातील अंबोसेलीच्या मोकळ्या हत्तिणींमध्ये, नैसर्गिक मृत्यूच धरले तर, ते 56 वर्षांचे होते. असे आकडे समोर आल्यावर काही जातींसाठी तरी प्रश्न संपतो. हत्ती पिंजऱ्यात नको, डॉल्फिन तर नकोच. 2013 मध्ये आपल्या केंद्र सरकारने डॉल्फिनचे खेळ दाखवणाऱ्या केंद्रांना परवानगी नाकारली, ते योग्यच झाले.

आता तुमच्या मुलीच्या हट्टाविषयी. जा, असे मी म्हणेन. पण मैत्रिणींचा घोळका घेऊन सगळे पिंजरे दोन तासांत उरकायला जाऊ नका. सकाळी फाटक उघडताना जा, तिला एकच प्राणी निवडू द्या आणि त्याच्यासमोर वीस मिनिटे बसा. त्या वेळात पाहण्यासारखे पुष्कळ असते. त्या प्राण्याला माणसांच्या नजरेआड होता येईल अशी एखादी जागा आहे का? की चारही बाजूंनी प्रेक्षक आहेत? खायला समोर टाकतात, की बांबूच्या नळीत, ओंडक्याच्या भोकात लपवून ठेवतात, म्हणजे त्याला काही खटपट करावी लागते? पाटीवर फक्त नाव आणि आहार लिहिला आहे, की तो येथे कसा आला तेही लिहिले आहे? पाटीवर नसेल तर राखणदाराला विचारा. ही माणसे सहसा कोणी बोलवत नाही म्हणून गप्प असतात. कोणती मादी कोणाच्या हाकेला पुढे येते, कोणता नर पावसाळ्यात अन्न टाकतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

‘तिकीट काढले आणि वाघ दिसलाच नाही’ अशी तक्रार बाहेर पडणारे लोक नेहमी करतात. माझ्या मते ती त्या प्राणिसंग्रहालयाची मोठी शिफारस आहे. ज्या वाघाला दिसायचे नाही म्हणून दिसेनासे होता येते, तो वाघ त्यातल्या त्यात बरा राहत असतो.

आणखी एक गोष्ट, आणि ती केवळ सौजन्याची नाही. काचेवर टकटक करणे, ओरडून प्राण्याला उठवणे, वेफर्स किंवा दाणे टाकणे हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 38-जे नुसार गुन्हे आहेत. मुलीला हे एकदा सांगितले की ती तुमच्याहून कडक पहारा करील.

प्रश्न : प्राणिसंग्रहालयांमुळे नामशेष होणाऱ्या जाती वाचतात, असे तेथील फलकांवर लिहिलेले असते. हे कितपत खरे आहे? – एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

उत्तर : खरे आहे, पण फलक वाचून वाटते त्याच्या पुष्कळ कमी प्राण्यांच्या बाबतीत. अरबी ओरिक्स हे हरिण 1972 च्या सुमारास रानातून संपले होते. बंदिवासात वाढवलेले कळप 1982 मध्ये ओमानच्या वाळवंटात सोडले गेले आणि ती जात पुन्हा मोकळी फिरू लागली. पुढे तेथे चोरटी शिकार सुरू झाली आणि कळप पुन्हा रोडावले, हेही त्याच गोष्टीचे पुढचे पान आहे.

आपल्याकडचे सर्वांत ठसठशीत उदाहरण गिधाडांचे आहे. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. 1990 च्या दशकापासून काही वर्षांतच तीन जातींची 95 टक्क्यांहून अधिक गिधाडे संपली. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हरियाणा वन विभागाबरोबर पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र उभारले आणि 2006 मध्ये गुरांसाठी हे औषध वापरण्यावर बंदी आली. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे हे काम वर्षानुवर्षे चालते. पिंजोरची गिधाडे 2024 च्या जानेवारीत आपल्या पेंच आणि ताडोबा येथे आणली गेली आणि काही महिने तेथील हवेची सवय करून देऊन सोडण्यात आली. त्यांपैकी एक थेट तामिळनाडूपर्यंत गेले आणि तेथे विजेच्या धक्क्याने मरण पावले. पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी एवढे अंतर उडून गेला, हे वाचून अभिमान वाटावा, तर पुढच्याच वाक्यात ती तार येते.

तुम्ही सोलापूरचे आहात, म्हणून माळढोकाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979 मधील. एके काळी तिथल्या गवतात माळढोकाचा नर गळ्याची पिशवी फुगवून घुमत असे आणि लोक लांबून येऊन तो पाहत. आज त्या माळावर माळढोक दिसणे ही बातमी होते. या पक्ष्याची उरलीसुरली भिस्त आता राजस्थानावर आहे. जैसलमेर भागात 2019 पासून रानातील अंडी उचलून, यंत्रात उबवून, पिल्ले हाताने वाढवण्याचे काम भारतीय वन्यजीव संस्था करत आहे आणि त्या पिल्लांनाही आता पिल्ले होत आहेत. रानातील घरट्यातून अंडे उचलणे हे मनाला न पटणारे काम आहे. पण न उचलले तर काय होते, ते नान्नजने दाखवले आहे.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. पिंजोर असो वा जैसलमेर, ही केंद्रे तिकीट लावून गर्दी खेचण्यासाठी नाहीत. तेथे पक्ष्याला माणसाची सवय लागू नये, याचीच धडपड असते. दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयाने लाल पांडांसाठी किंवा ओडिशाच्या नंदनकाननने सुसरींसाठी केले तसे प्रदर्शन आणि प्रजनन दोन्ही सांभाळणारे अपवाद आहेत, पण ते अपवादच. म्हणून पांढऱ्या वाघाच्या पिंजऱ्यावर ‘संवर्धन’ हा शब्द दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नका. पांढरा वाघ ही स्वतंत्र जातच नाही. 1951 मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेल्या मोहन नावाच्या एका नरापासून, त्याच्याच लेकीशी संकर घडवून, ही पैदास चालू झाली. जवळच्या नात्यातील संकराचे दोष त्या वंशात उतरले आहेत आणि त्यातील एकही वाघ रानात सोडण्यासाठी वाढवला जात नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. आमच्या गटाचे म्हणणे असे आहे की सर्व प्राणिसंग्रहालये बंद करून प्राण्यांना जंगलात सोडून द्यावे. यात चूक काय आहे? – एक विद्यार्थी, नारायणगाव

उत्तर : तुमच्या गावापासून जवळच, जुन्नरजवळ माणिकडोह येथे, बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. तुमच्या गटाच्या म्हणण्याची कसोटी तेथेच लागते.

तुमच्या भागात बिबट्या उसात जन्मतो, उसात वाढतो आणि कुत्र्या-कोंबड्यांवर जगतो. त्याने ‘जंगल’ पाहिलेलेच नसते. 2000 नंतरच्या काळात तुमच्याकडे पिंजरे लावून धरलेले बिबटे दूरच्या जंगलात नेऊन सोडले जात होते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की या सोडासोडीनंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. अनोळखी मुलखात टाकलेला, पिंजऱ्यात माणसांच्या गोंगाटाने बिथरलेला प्राणी परत फिरतो किंवा वाटेत भेटेल त्या वस्तीत शिरतो. त्याच्यासाठी ती सुटका नसते आणि तिथल्या गावकऱ्यांसाठी तर नसतेच. रानातल्या प्राण्याची ही गत, तर ज्याने जन्मभर सकाळी ठरलेल्या वेळी थाळीत मांस पाहिले त्याला सोडणे म्हणजे त्याला उपाशी मारणे किंवा कोणाच्या तरी गोठ्यात पाठवणे होय.

म्हणून माणिकडोहमध्ये काही बिबटे आयुष्यभर राहतात. मला ते पाहून बरे वाटत नाही, आणि तेथे काम करणाऱ्यांनाही वाटत नसेल. पण त्याच भागात, त्याच माणसांच्या हातून, दुसरे एक काम होते आणि ते तुमच्या गटाने अवश्य पाहावे. ऊसतोड चालू असताना फडात बछडे सापडतात. पूर्वी लोक ते उचलून आणत आणि बछडे कायमचे पिंजऱ्यात जात. आता वन विभागाला निरोप जातो, बछड्यांची तपासणी होते आणि अंधार पडायच्या सुमारास ते जिथे सापडले त्याच जागी एका खोक्यात ठेवले जातात. मग सगळे दूर जाऊन कॅमेऱ्यावर वाट पाहत बसतात. रात्री केव्हातरी मादी येते, खोके आडवे करते आणि एकेक बछडा मानेला धरून घेऊन जाते. कधी ती येत नाही. मग दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवायचे. एवढ्या दोन रात्रींच्या धीराने बछड्यांचा जन्मभराचा पिंजरा चुकतो.

प्राणिसंग्रहालये बंद करा, या मागणीऐवजी तुम्ही ‘नव्याने आत काय येते आहे’ यावर नजर ठेवा. ज्यांचे पुढे काही करायचे नाही अशा प्राण्यांची पैदास थांबवली आणि रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यात केवळ शोभेसाठी दुसरे जनावर आणले नाही, तर एका पिढीत निम्मे पिंजरे आपोआप मोकळे होतील, असा माझा अंदाज आहे. महानगरपालिकेच्या सभेत नव्या विदेशी प्राण्याचा ठराव येतो तेव्हा हरकत घ्यायला मात्र कोणी उभे राहत नाही.

प्रश्न : आमच्याकडे अकरा वर्षांपासून मिठू आहे. सकाळी चहाची भांडी वाजली की तो ‘आई’ अशी माझ्या पत्नीला हाक मारतो. नातू शाळेतून शिकून आला आहे आणि ‘आजोबा, तुम्ही मिठूला कैदेत ठेवले आहे’ असे म्हणतो. पिंजऱ्याचे दार उघडून द्यावे काय? – एक आजोबा, सांगली

उत्तर : नातवाचे म्हणणे बरोबर आहे आणि कायदाही त्याच्याच बाजूने आहे. आपला हिरवा राघू हा वन्यजीव असून तो पकडणे, विकणे आणि बाळगणे, तिन्ही गुन्हे आहेत. तुम्ही हे जाणूनबुजून केलेले नाही, हे तुमच्या पत्रावरूनच दिसते. अकरा वर्षांपूर्वी बाजारातून किंवा कोणाकडून तरी तो घरी आला आणि घरचा झाला. वाघासाठी हळहळणाऱ्या घरांच्या सज्जात मिठूचा पिंजरा टांगलेला असतो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता त्याचे नवल वाटत नाही.

राघू हा थव्याने राहणारा पक्षी आहे. थव्यातल्या सोबत्यांचे आवाज उचलून तो त्यांना साद घालतो. मिठू ‘आई’ म्हणतो तो याच स्वभावामुळे. त्याच्या लेखी तुम्ही दोघे हाच त्याचा थवा आहात. ते प्रेम खोटे नाही. मागच्या वर्षी, 2025 च्या जुलैत, तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातील नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला गेली, तेव्हा गावे रडली, मोर्चे निघाले. ते अश्रूही खोटे नव्हते, आणि तिच्या पायांचे व सांध्यांचे दुखणे न्यायालयापुढे आले होते, तेही खोटे नव्हते. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दार मात्र उघडू नका. अकरा वर्षे पिंजऱ्यात बसलेल्या पक्ष्याच्या पंखांत लांब उडण्याचे बळ नसते, रानातले खाणे त्याला ओळखता येत नाही, आणि सज्जाच्या कठड्यावर तो गोंधळून बसला की कावळे त्याला गाठतात. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा आणि वस्तुस्थिती जशी आहे तशी सांगा. पक्षी उडू शकेल की त्याला कायम सांभाळावे लागेल, हे तेथील पशुवैद्यक पाहून ठरवतील. फोन करताना नातवाला जवळ बसवा. आणि मिठू जाईल त्या दिवशी त्याचा रोजचा पेरू सोबत द्या. नव्या जागी पहिले दोन दिवस हे पक्षी ओळखीचे तेवढेच खातात.